विदा निर्यात (सांख्यिकीय संगणक प्रणाली)

सांख्यिकीय संगणक प्रणालीतील विदा निर्यात म्हणजे संगणकाच्या स्मृतीत असलेली सारणी (ओळी, स्तंभ व त्यांची वर्णने) लिखित आज्ञेच्या साहाय्याने फाइलमध्ये उतरवण्याची क्रिया होय. 'विदा' हा शब्द मराठीत 'डेटा' या अर्थाने वापरला जातो. आर, स्टाटा, एसपीएसएस, सॅस, ग्रेटल, पीएसपीपी तसेच पायथन भाषेतील पांडाज या प्रणालींत या कामासाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. निर्यात केलेली फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडणे, सहकाऱ्यांना पाठवणे, अहवालाला जोडणे किंवा दीर्घकाळ जतन करणे हे निर्यातीचे सामान्य हेतू आहेत.

निर्यात वरवर यांत्रिक वाटत असली तरी तिच्यात माहिती गमावण्याचे अनेक प्रसंग येतात. देवनागरीतील नावे वाचता न येणे, संकेतांकांतील सुरुवातीचे शून्य गळणे, तारखा बदलणे, 'माहिती नाही' या अर्थाचे अंक खऱ्या मोजमापात मिसळणे आणि मर्यादेपलीकडील ओळी नकळत सुटणे हे त्यांपैकी प्रमुख होत. या लेखात अशा प्रसंगांची उदाहरणे मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्हा व त्यातील कुडाळ तालुका यांच्या जनगणनेतील माहितीवरून दिली आहेत. आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष वापरात ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

इतिहास

छिद्रित पत्रिकांच्या काळात विदा आणि तिचे साठवणमाध्यम यांत फरक नव्हता. अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याच्या यंत्रांनी अशा पत्रिका मोजल्या. पत्रिकेवरील प्रत्येक स्तंभाचे स्थान ठरलेले असे आणि त्या स्थानावरूनच अंकाचा अर्थ लागे. पुढे चुंबकीय फिती व तबकड्या आल्या, तरी ठरावीक रुंदीच्या स्तंभांची ही पद्धत टिकून राहिली. भारतात १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घटकनिहाय विदा अनेक वर्षे अशाच ठरावीक रुंदीच्या मजकूर फाइलींतून वितरित होत आली आहे. अशी फाइल वाचण्यासाठी सोबतचा मांडणी तक्ता अनिवार्य असतो.

एसपीएसएस १९६८ साली तयार झाली. सॅस इन्स्टिट्यूटची स्थापना १९७६ साली झाली आणि स्टाटाची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. या प्रणालींनी विदा साठवण्यासाठी आपापली फाइल-स्वरूपे निर्माण केली. त्यामुळे एका प्रणालीतील काम दुसरीत नेण्यासाठी निर्यातीच्या आज्ञा आवश्यक ठरल्या. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेल्या आर या मुक्त प्रणालीची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रकाशित झाली. स्वल्पविरामाने विभागलेल्या मजकूर फाइलींचा (सीएसव्ही) वापर त्याआधीपासून रूढ होता. तिचे सर्वसाधारण नियम ऑक्टोबर २००५ मध्ये 'आरएफसी ४१८०' या दस्तऐवजात नोंदवले गेले.

आज्ञेने निर्यात आणि यादीतून निर्यात

बहुतेक प्रणालींत पडद्यावरील यादीतून (मेन्यू) पर्याय निवडूनही निर्यात करता येते. मात्र त्या मार्गाने कोणते पर्याय निवडले गेले याची नोंद आपोआप राहीलच असे नाही. लिखित आज्ञा ही स्वतःच नोंद असते. तीच आज्ञा पुढील महिन्यात किंवा दुसऱ्या तालुक्याच्या विदेवर जशीच्या तशी चालवता येते आणि चूक आढळल्यास नेमकी कोणत्या ओळीत झाली हे दाखवता येते. एसपीएसएसमध्ये यादीतून निवडलेले पर्याय 'पेस्ट' या कळीने लिखित आज्ञेत रूपांतरित करता येतात. स्टाटामध्ये आज्ञा 'डू' फाइलीत, तर आरमध्ये '.आर' विस्ताराच्या मजकूर फाइलीत साठवण्याचा प्रघात आहे.

फाइलींचे प्रकार

निर्यातीसाठी वापरल्या जाणाऱ्या फाइलींचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

विभाजकयुक्त मजकूर: यात स्वल्पविराम, टॅब, अर्धविराम किंवा उभी रेघ यांनी स्तंभ वेगळे केलेले असतात. ही फाइल कोणत्याही मजकूर संपादकात उघडते आणि जवळपास सर्व प्रणाली ती वाचतात. चलांचे प्रकार, मूल्यांची नावे व एकके मात्र तिच्यात साठवली जात नाहीत.

ठरावीक रुंदीचा मजकूर: यात प्रत्येक स्तंभाची सुरुवात व लांबी निश्चित असते. मांडणी तक्ता हरवल्यास फाइल निरुपयोगी ठरते.

प्रणालीची स्वतःची स्वरूपे: स्टाटाची '.डीटीए', एसपीएसएसची '.एसएव्ही', आरची '.आरडीएस' ही उदाहरणे होत. यांत चलांची वर्णने, मूल्यांची नावे व गहाळ मूल्यांचे प्रकार टिकून राहतात. सॅसचे पाचव्या आवृत्तीचे वाहतूक स्वरूप ('.एक्सपीटी') अमेरिकेतील औषध नियामक संस्थेकडे चाचण्यांची विदा सादर करताना वापरले जाते. त्यात चलाच्या नावाला ८ अक्षरांची आणि मजकूर मूल्याला २०० बाइटांची मर्यादा आहे.

गणनपत्रके आणि स्तंभाधारित स्वरूपे: एक्सेलच्या जुन्या '.एक्सएलएस' फाइलीत एका पत्रकावर ६५,५३६ ओळी मावतात, तर नव्या '.एक्सएलएसएक्स' फाइलीत १०,४८,५७६ ओळी मावतात. मोठ्या विदेसाठी पार्केसारखी स्तंभाधारित, संक्षिप्त स्वरूपे वापरली जातात.

विविध प्रणालींतील आज्ञा

आर

मूळ आरमध्ये 'राइट.टेबल' ही सर्वसाधारण आज्ञा आहे. 'राइट.सीएसव्ही' हे तिचे स्वल्पविरामासाठी बांधून दिलेले रूप आहे. 'राइट.सीएसव्ही२' हे रूप अर्धविराम विभाजक म्हणून आणि स्वल्पविराम दशांश चिन्ह म्हणून वापरते; ते युरोपातील काही देशांच्या पद्धतीला अनुसरून आहे. 'राइट.सीएसव्ही' आज्ञेत विभाजक बदलण्याचा प्रयत्न केल्यास आर तो पर्याय दुर्लक्षित करून सूचना देते. वेगळा विभाजक हवा असल्यास 'राइट.टेबल' वापरावी लागते.

या आज्ञा स्वाभाविक स्थितीत ओळींची नावेही फाइलीत लिहितात, त्यामुळे डाव्या बाजूला क्रमांकांचा एक अनावश्यक स्तंभ तयार होतो. तो टाळण्यासाठी 'रो.नेम्स = फॉल्स' हा पर्याय देतात. गहाळ मूल्य 'एनए' या दोन रोमन अक्षरांनी लिहिले जाते; 'एनए = ""' असे दिल्यास त्या जागी रिक्त कोष्ठक राहते. नामिबिया देशाचा दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत 'एनए' हाच असल्याने देशनिहाय विदेत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

'रीडआर' या संचातील 'राइट_सीएसव्ही' ओळींची नावे लिहीत नाही, आणि 'राइट_एक्सेल_सीएसव्ही' फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ची ओळखखूण घालते. मोठ्या सारण्यांसाठी 'डेटा.टेबल' संचातील 'एफराइट' ही जलद आज्ञा आहे. 'हेवन' संचातील 'राइट_डीटीए' व 'राइट_एसएव्ही' या आज्ञा अनुक्रमे स्टाटा व एसपीएसएससाठी फाइली तयार करतात. आरमधील वस्तू जशीच्या तशी जतन करायची असल्यास 'सेव्हआरडीएस' वापरतात.

स्टाटा

स्टाटामध्ये 'एक्स्पोर्ट डिलिमिटेड' ही मजकूर निर्यातीची प्रमुख आज्ञा आहे. ती तेराव्या आवृत्तीत आली. तत्पूर्वी 'आउटशीट' ही आज्ञा त्यासाठी होती. गणनपत्रकासाठी 'एक्स्पोर्ट एक्सेल', ठरावीक मांडणीच्या मजकुरासाठी 'आउटफाइल' आणि स्वतःच्या स्वरूपासाठी 'सेव्ह' व 'सेव्हओल्ड' आहेत. अस्तित्वात असलेल्या फाइलीवर लिहिण्यासाठी 'रिप्लेस' हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. तो नसल्यास आज्ञा थांबते. त्यामुळे जुनी फाइल अनवधानाने पुसली जात नाही.

'एक्स्पोर्ट डिलिमिटेड' स्वाभाविक स्थितीत अंकांऐवजी त्यांना जोडलेली मूल्यनामे लिहिते. अंकच हवे असल्यास 'नोलेबल' हा पर्याय द्यावा लागतो. 'डेटाएफएमटी' हा पर्याय दिल्यास संख्या पडद्यावरील स्वरूपानुसार लिहिल्या जातात. अशा वेळी दर्शनी स्वरूपात दोनच दशांश स्थळे असतील तर फाइलीतही तेवढीच उतरतात.

एसपीएसएस व पीएसपीपी

एसपीएसएसमध्ये 'सेव्ह आउटफाइल' स्वतःच्या स्वरूपात, तर 'सेव्ह ट्रान्सलेट' इतर स्वरूपांत निर्यात करते. 'टाइप = सीएसव्ही' हा उपविभाग फाइलीचा प्रकार, 'फील्डनेम्स' पहिल्या ओळीतील चलनामे आणि 'सेल्स = लेबल्स' हा मूल्यनामे लिहिण्याचा पर्याय ठरवतो. शेवटचा पर्याय न दिल्यास अंक लिहिले जातात, म्हणजे स्टाटाच्या नेमके उलट घडते. 'राइट' ही जुनी आज्ञा ठरावीक मांडणीचा मजकूर लिहिते. मात्र ती लगेच अमलात येत नाही. तिच्यानंतर 'एक्झिक्यूट' किंवा विदा वाचणारी दुसरी आज्ञा दिल्याखेरीज फाइल भरत नाही. ग्नू प्रकल्पातील पीएसपीपी ही मुक्त प्रणाली एसपीएसएसच्या बऱ्याच आज्ञा त्याच नावांनी स्वीकारते.

सॅस

सॅसमध्ये 'प्रोक एक्स्पोर्ट' ही आज्ञा 'डेटा', 'आउटफाइल', 'डीबीएमएस' व 'रिप्लेस' या घटकांसह लिहितात. मजकूर फाइलीत ती चलांना जोडलेले दर्शनी स्वरूप लागू करून मूल्ये लिहिते. प्रत्येक ओळीची मांडणी स्वतः ठरवायची असल्यास 'डेटा _नल_' या टप्प्यात 'फाइल' व 'पुट' ही विधाने वापरतात. विश्लेषणाचे निकाल फाइलीत नेण्यासाठी 'ओडीएस' ही वेगळी यंत्रणा आहे.

ग्रेटल व पांडाज

अर्थमितीसाठीच्या ग्रेटल या मुक्त प्रणालीत 'स्टोअर' ही एकच आज्ञा फाइलीच्या विस्तारावरून स्वरूप ओळखते. पांडाजमध्ये 'टू_सीएसव्ही', 'टू_एक्सेल', 'टू_स्टाटा' व 'टू_पार्के' या क्रिया आहेत. 'टू_सीएसव्ही' ओळींची अनुक्रमणिका आपोआप लिहिते; 'इंडेक्स = फॉल्स' दिल्यास ती वगळली जाते.

देवनागरी विदेची निर्यात

देवनागरी अक्षरे साठवण्याची पद्धत हा मराठी विदेच्या निर्यातीतील सर्वांत नाजूक भाग आहे. युनिकोडमध्ये 'कुडाळ' हा शब्द क, उकार, ड, काना आणि ळ अशा पाच चिन्हांचा बनतो. वाचकाला त्यात तीन अक्षरे दिसतात. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द फाइलीत पंधरा बाइट व्यापतो. त्याच हिशोबाने 'मालवण' व 'देवगड' पंधरा, 'कणकवली' अठरा, 'वैभववाडी' चोवीस, आणि 'सावंतवाडी', 'वेंगुर्ला' व 'दोडामार्ग' प्रत्येकी सत्तावीस बाइट घेतात. स्टाटा व एसपीएसएस मजकूर चलाची रुंदी बाइटांत मोजतात. त्यामुळे रोमन लिपीचा अंदाज धरून रुंदी दहा ठेवल्यास आठही तालुक्यांची नावे तुटतात. स्टाटामध्ये 'स्ट्रलेन' ही क्रिया 'कुडाळ'साठी १५ आणि 'यूस्ट्रलेन' ही ५ हे उत्तर देते. सॅसच्या वाहतूक स्वरूपातील २०० बाइटांत देवनागरीची जास्तीत जास्त ६६ चिन्हे मावतात.

स्टाटाने युनिकोडचा स्वीकार २०१५ सालच्या चौदाव्या आवृत्तीत केला. विंडोजवर आरची अडचण अधिक काळ टिकली. विंडोजच्या जुन्या आठ-बिटी संकेत-तक्त्यांत देवनागरीसाठी तक्ता नाही. त्यामुळे आरच्या जुन्या आवृत्त्यांत 'राइट.सीएसव्ही' केल्यावर अक्षरांच्या जागी कोनी कंसांत युनिकोड संकेतांक उमटत. 'कुडाळ' या शब्दाऐवजी ४० रोमन चिन्हांची माळ फाइलीत जाई. एप्रिल २०२२ मधील ४.२ आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर यूटीएफ-८ हेच आरचे मूळ संकेतन झाले आणि ही अडचण दूर झाली.

निर्यात बरोबर होऊनही फाइल उघडताना मजकूर बिघडू शकतो. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल थेट उघडल्यास तिचे संकेतन चुकीचे ओळखले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ने सुरू होणारी निरर्थक चिन्हे दिसतात. फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची ओळखखूण (बीओएम) असल्यास एक्सेल यूटीएफ-८ ओळखते. त्यासाठी आरमध्ये 'राइट_एक्सेल_सीएसव्ही' आणि पांडाजमध्ये 'यूटीएफ-८-सिग' हे संकेतन वापरतात. याउलट, ओळखखुणेची अपेक्षा नसलेल्या प्रणालीत ही खूण पहिल्या चलाच्या नावाला चिकटते आणि ते चल सापडत नाही.

युनिकोडपूर्व काळातील विदा ही स्वतंत्र समस्या आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे मानक (आयएस १३१९४) प्रसिद्ध केले. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने त्यावर आधारित साधने विकसित केली. त्याचबरोबर श्री-लिपी, शिवाजी, किरण यांसारख्या टंकांत मोठ्या प्रमाणावर मजकूर भरला गेला. अशा टंकांत रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवलेले असतात. सारणी मजकूर फाइलीत निर्यात करताना टंक मागे राहतो आणि केवळ मूळ रोमन चिन्हे उरतात. त्यामुळे अशी विदा आधी टंकानुसार परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणणे व नंतर निर्यात करणे हाच क्रम योग्य ठरतो.

एकाच अक्षराची दोन रूपे हाही अडथळा असतो. 'वऱ्हाड' या शब्दातील 'ऱ' हे अक्षर एका चिन्हाने किंवा र व नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवता येते. डोळ्यांना फरक दिसत नसला तरी संगणकासाठी ते दोन भिन्न शब्द असतात. निर्यातीपूर्वी युनिकोडचे प्रमाणीकरण केल्यास ही विसंगती टळते. वर्णक्रमाबाबतही काळजी घ्यावी लागते. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडमध्ये तो 'ल' व 'व' यांच्या मध्ये आहे. केवळ संकेतांकानुसार लावलेली गावांची यादी म्हणून मराठी कोशक्रमाशी जुळत नाही.

संकेतांक आणि स्थलनामे

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. कुडाळ, मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ला, कणकवली, देवगड, वैभववाडी व दोडामार्ग हे त्याचे आठ तालुके असून जिल्ह्याचे मुख्यालय, ओरोस येथील सिंधुदुर्गनगरी, कुडाळ तालुक्यात आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि सिंधुदुर्गचा ५२९ होता.

स्थलनामांवरून दोन सारण्या जोडणे धोक्याचे असते. कुडाळ नावाचे गाव सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातही आहे. वेंगुर्ला हे नाव वेंगुर्ले असेही लिहिले जाते. महसुली गावांच्या नावांतील 'तर्फ', 'बुद्रुक', 'खुर्द' हे शब्द कधी पूर्ण, तर कधी 'त.', 'बु.', 'खु.' असे संक्षेपाने येतात. म्हणून निर्यात केलेल्या फाइलीत नावासोबत संकेतांकाचा स्तंभ असणे आवश्यक मानले जाते.

संकेतांक ही मोजण्याची संख्या नसून ओळख आहे. तो मजकूर म्हणून साठवावा लागतो. २०११च्या जनगणनेत तालुक्यांना पाच अंकी संकेतांक दिले गेले. देशातील तालुक्यांची एकूण संख्या दहा हजारांहून कमी असल्याने हे संकेतांक शून्याने सुरू होतात. संख्या म्हणून निर्यात केल्यास, किंवा बरोबर निर्यात केलेली फाइल गणनपत्रकात उघडून पुन्हा जतन केल्यास, हे शून्य गळते आणि संकेतांक चार अंकी होतो. स्टाटाचा 'फ्लोट' हा संख्याप्रकार १,६७,७७,२१६ पर्यंतचेच सर्व पूर्णांक अचूक ठेवतो. राज्य, जिल्हा व गाव यांचे अंक जोडून केलेला लांब संकेतांक त्यात ठेवल्यास शेवटचे अंक बदलतात, आणि शेजारच्या दोन गावांचा संकेतांक एकच होऊ शकतो.

संख्या, तारखा आणि गहाळ मूल्ये

भारतीय पद्धतीने लिहिलेल्या संख्येत स्वल्पविराम असतात. २०११ साली सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. ही संख्या अवतरण चिन्हांविना सीएसव्हीत गेल्यास तिचे तीन स्तंभ होतात आणि पुढील सर्व मूल्ये उजवीकडे सरकतात. आरएफसी ४१८० नुसार ज्या मूल्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरण चिन्ह किंवा नवी ओळ असेल ते दुहेरी अवतरणात ठेवावे आणि आतील अवतरण चिन्ह दोनदा लिहावे. संख्यांच्या बाबतीत स्वल्पविराम काढून टाकणे हा अधिक सुरक्षित उपाय आहे. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या आर संख्या म्हणून ओळखत नाही व तिचे गहाळ मूल्य करते. पायथनमधील 'इंट' ही क्रिया मात्र देवनागरी अंक स्वीकारते. गणनासाठीच्या फाइलीत म्हणून आंतरराष्ट्रीय अंक ठेवून देवनागरी अंकांचा वापर छापील तक्त्यापुरता ठेवतात.

तारखा प्रत्येक प्रणालीत वेगळ्या आरंभदिनापासून मोजल्या जातात. स्टाटा व सॅस १ जानेवारी १९६० पासून, तर आर १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतात. एसपीएसएस १४ ऑक्टोबर १५८२ पासून सेकंद मोजते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा स्थापनादिन १ मे १९८१ हा स्टाटात ७७९१ आणि आरमध्ये ४१३८ या अंकाने साठवला जातो. स्टाटातील अंक स्वरूपाविना निर्यात होऊन आरमध्ये तारीख म्हणून वाचला गेल्यास २ मे १९९१ ही तारीख मिळते. '०१-०५-१९८१' असा मजकूर अमेरिकी पद्धतीने वाचल्यास ५ जानेवारी होते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने '१९८१-०५-०१' असा मजकूर लिहिल्यास दोन्ही धोके टळतात.

सर्वेक्षणांत 'उत्तर दिले नाही' यासाठी ९९ किंवा ९९८ यांसारखे अंक वापरतात. एसपीएसएसमध्ये असे अंक वापरकर्त्याने घोषित केलेली गहाळ मूल्ये म्हणून वगळले जातात. सीएसव्हीत मात्र ती घोषणा जात नाही आणि ९९ हा अंक साधा अंक म्हणून उतरतो. वयाच्या स्तंभात असे घडल्यास सरासरी वय वाढते. 'सेव्ह ट्रान्सलेट' आज्ञेतील 'मिसिंग = रिकोड' हा पर्याय ही मूल्ये गहाळ म्हणून लिहितो.

ओळींची मर्यादा

निर्यातीतील चुकीचा परिणाम सार्वजनिक आरोग्यावर कसा होतो याचे बहुचर्चित उदाहरण ब्रिटनमधील आहे. २०२० साली कोविड-१९ च्या चाचण्यांचे निकाल जुन्या '.एक्सएलएस' स्वरूपातील फाइलींत घेतले जात असताना ओळींची मर्यादा ओलांडली गेली. त्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांतून सुटली आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. भारतातील २०११च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४० हजार गावांची नोंद होती. देशभराची गावनिहाय सारणी जुन्या स्वरूपाच्या एका पत्रकावर मावू शकत नाही.

पडताळणी

निर्यात केलेली फाइल पुन्हा आयात करून मूळ सारणीशी ताडून पाहणे ही प्रमाण पद्धत आहे. त्यासाठी आरमध्ये 'ऑल.इक्वल', स्टाटात 'सीएफ', सॅसमध्ये 'प्रोक कम्पेअर' आणि एसपीएसएसमध्ये 'कम्पेअर डेटासेट्स' या आज्ञा आहेत. ओळींची संख्या, स्तंभांची संख्या आणि नियंत्रण बेरजा या किमान तपासण्या होत. सिंधुदुर्गच्या तालुकानिहाय सारणीत आठ ओळी असाव्यात, पुरुषांची बेरीज ४,१७,३३२, स्त्रियांची ४,३२,३१९ आणि एकूण ८,४९,६५१ यावी. या दोन बेरजांवरून दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हे जिल्ह्याचे लिंग गुणोत्तर मिळते. एखाद्या तालुक्याची ओळ सुटल्यास किंवा दोनदा आल्यास बेरीज जुळत नाही. गुणोत्तर मात्र जवळपास तेच राहू शकते; म्हणून तपासणी मूळ संख्यांवर करतात. हस्तांतरणात फाइल बदलली नाही याची खात्री करण्यासाठी तिचा एमडी५ किंवा तत्सम ठसा सोबत दिला जातो.

सीएसव्हीसोबत विदाकोश देण्याची पद्धत आहे. त्यात प्रत्येक चलाचे नाव, अर्थ, एकक, संकेतांकांचे अर्थ, गहाळ मूल्यांची खूण, संकेतन व निर्यातीचा दिनांक नोंदवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलींत स्त्रियांचे सांख्यिकीय भार दशांश चिन्हाविना लिहिलेले असून वापरण्यापूर्वी त्यांना दहा लाखांनी भागावे लागते. विदाकोशाविना ही गोष्ट केवळ फाइलीवरून कळत नाही.

गोपनीयता

व्यक्ती किंवा कुटुंबनिहाय विदा निर्यात झाली की मूळ प्रणालीतील प्रवेश-नियंत्रण तिला लागू राहत नाही. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तिगत जनगणना नोंदी पाहणीसाठी खुल्या नाहीत. केवळ एकत्रित सारण्या प्रसिद्ध होतात. संशोधनाच्या विदेतून नावे, दूरध्वनी व आधार क्रमांक वगळणे, आणि लहान गावांबाबत ज्या कोष्ठकांत एक-दोनच व्यक्ती आहेत ती एकत्र करणे, हे निर्यातीपूर्वी केले जाते. वगळायचे चल पडद्यावर लपवणे पुरेसे नसते. आज्ञेत निर्यातीच्या चलांची यादी स्पष्टपणे दिल्यास नको असलेला स्तंभ फाइलीत जात नाही.

महाराष्ट्रातील वापर व शिक्षण

मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची समन्वयक संस्था आहे. १९९२-९३ पासून सुरू असलेल्या या सर्वेक्षणाची घटकनिहाय विदा संशोधकांना स्टाटा, एसपीएसएस, सॅस व साध्या मजकूर अशा स्वरूपांत उपलब्ध होते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पीककापणी प्रयोगांवर आधारित उत्पादन-अंदाजाच्या पद्धती विकसित केल्या. अशा प्रयोगांच्या सारणीत प्रत्येक वाफ्यासाठी एक ओळ आणि गट, उपचार व उत्पादन यांसाठी स्वतंत्र स्तंभ ठेवल्यास निर्यात केलेली फाइल कोणत्याही प्रणालीत विश्लेषणासाठी वापरता येते. कोकणात कृषी संशोधन व शिक्षणाचे काम १९७२ साली स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. वेंगुर्ला येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि कुडाळ तालुक्यातील मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय त्याच्या अखत्यारीत येतात.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील 'फॉसी' प्रकल्प शिक्षणात आरसह मुक्त सॉफ्टवेअरच्या वापराला चालना देतो. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत.

हे सुद्धा पहा

युनिकोड
देवनागरी
आर (आज्ञावली भाषा)
भारताची जनगणना, २०११
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण
सिंधुदुर्ग जिल्हा
कुडाळ तालुका